पगारदार घरमालक

माझे लहानपण पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. वाड्यात बिऱ्हाडे अकरा, आणि मागच्या चौकातल्या दोन अंधाऱ्या खोल्यांत जे बारावे बिऱ्हाड राही ते घरमालकाचे. त्यांना सारा वाडा तात्या म्हणे. महिन्याच्या पाच तारखेला तात्या लाल कापडाच्या बांधणीची वही घेऊन दारोदार फिरत. आमचे भाडे अठरा रुपये होते. इतरांचेही त्याच्याच आगेमागे. अकरा बिऱ्हाडांचे मिळून पुरते दोनशे रुपये जमत नसत, आणि पावसाळ्याआधी कौले परतून घ्यायची तर त्यात वर्षाचे भाडे खलास होई. म्हणून कौले परतली जात नसत. आम्ही मुले घरात बादल्या मांडून पाणी मोजायचो, आणि तात्या आपल्या खोलीत पातेली मांडून मोजायचे.

‘घरमालक’ या शब्दाला माझ्या लेखी तेव्हापासून कसलाच रुबाब उरला नाही. तरीही २०१८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, चांगली चालू नोकरी असताना, मी स्वतःहून घरमालक झालो. ते कसे, आणि त्यात काय मिळाले व काय गेले, हे सांगावे म्हणून हा खटाटोप. माझ्या कचेरीतले तरुण अलीकडे जेवणाच्या सुट्टीत हाच विषय काढतात. ‘पगारावर विसंबून किती दिवस राहायचे? एक फ्लॅट घेऊन भाड्याने टाकावा म्हणतो,’ असे एक जण म्हणतो आणि बाकीचे माना डोलवतात. ‘टाकावा’ हे क्रियापद मला मोठे गमतीचे वाटते. जणू फ्लॅट म्हणजे मुदतठेव आहे. टाकली आणि विसरलो!

तात्यांची ती अवस्था का होती, हे आधी सांगतो, कारण आजचा घरमालक तिथूनच सुरू होतो. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जागांची भाडी मुख्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचे नाही, हा हेतू चांगलाच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. पुढे मालकांनी ‘भाडेकरू’ शब्द टाळून ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा करार चालू होता त्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्याचा धसका घेऊन कित्येकांनी रिकामी घरे वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवली. कुलपाला भाडे द्यावे लागत नाही आणि ते खाली करायला कोर्टातही जावे लागत नाही!

हे चित्र पालटले ते महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ मुळे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे राहत्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस जागा सोडीना, तर मालकाला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. आज पगारदार माणूस दुसरे घर घेऊन भाड्याने देण्याचा विचार तरी करू शकतो, तो या एका कलमाच्या जोरावर.

जेवणाच्या टेबलावरचा हिशेब

आम्ही पाहिलेले घर वाकडला होते. एक शयनगृह, पाच वर्षांची जुनी इमारत, किंमत ४८ लाख. हिंजवडीच्या कंपन्या जवळ, म्हणून भाडेकरूंचा तोटा नाही, असे एजंट म्हणाला. त्याचे हे म्हणणे खरे होते. बाकीची पुष्कळशी नव्हती.

एजंटाचा हिशेब एका ओळीचा होता : ‘सर, भाड्यातून हप्ता निघतो.’ माझी पत्नी एका खासगी शाळेत गणित शिकवते. तिने रात्री जेवणे झाल्यावर वही काढली आणि म्हणाली, “अहो, निघतो म्हणजे किती निघतो, ते मांडून बघू या.”

पदरचे १२ लाख घालायचे, ३६ लाख कर्ज काढायचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता ३१,२४२ रुपये. येणारे भाडे १४,००० रुपये. म्हणजे पहिल्याच ओळीला निम्मादेखील हप्ता निघेना. शिवाय चौदा हजार हे काही हाती येणारे चौदा हजार नव्हेत. वर्षाचे १ लाख ६८ हजार धरले, त्यातून एक महिना घर रिकामे राहणार म्हणून १४ हजार वजा. सोसायटीची वर्गणी महिना १८०० प्रमाणे २१,६००. मिळकत कर ९ हजार. दुरुस्ती, रंग, दलाली मिळून १० हजार. उरले १ लाख १३ हजार ४००, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या आत. ४८ लाखांवर हे पुरते अडीच टक्केही होत नाहीत. साधे बचत खातेही तेव्हा त्याहून अधिक देत असे.

पुढच्या पानावर तिने व्याज मांडले. पहिल्या वर्षी हप्त्यांपोटी पावणेचार लाख भरायचे, त्यांपैकी ३ लाख ३ हजार नुसते व्याज, आणि मुद्दल फिटणार जेमतेम ७१ हजार. भाड्याचे निव्वळ १ लाख १३ हजार त्यातून वजा केले तरी व्याजाचे १ लाख ९० हजार आमच्या पगारातून जाणार. आयकरात मात्र थोडा हात मिळणार होता. भाड्याच्या उत्पन्नातून मिळकत कर वजा होतो, उरलेल्याचे ३० टक्के दुरुस्तीपोटी सरळ सोडतात, मग व्याज वजा होते, आणि जो तोटा दिसतो तो वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वळता करता येत असे. आमचा तोटा जवळजवळ नेमका तेवढाच भरला. वीस टक्क्यांच्या पायरीवर एक्केचाळीस-बेचाळीस हजारांचा कर वाचला. (हे जुन्या करपद्धतीचे. नव्या करपद्धतीत हा तोटा पगारातून वजा होत नाही. २०२३-२४ पासून नवी पद्धतच मूळ धरली जाते, जुनी हवी तर तसे कळवावे लागते. तेव्हा आमचा आकडा पाहून कोणी आपला हिशेब करू नये.)

मुद्रांक शुल्काचे २ लाख ८८ हजार, नोंदणीचे ३० हजार, दलालाचे ४८ हजार, आणि घरात पंखे, गिझर, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या यांचे ७० हजार. पदरचे बारा लाख होते, ते सोळा लाखांच्या पुढे गेले. तेच बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १ लाख १४ हजार आले असते, तेही घरात बसून. सगळे मिळवून-वजावून तिने शेवटी एक आकडा काढला आणि त्याभोवती लाल शाईने चौकट केली : साडेपाच टक्के. घराची किंमत दरवर्षी एवढी वाढली तर आपण बरोबरीत. त्याहून कमी वाढली तर तोटा, अधिक वाढली तर नफा.

भाड्याच्या घराविषयी एवढे खरे कोणीच मला सांगितले नव्हते. नोकरदार माणूस कर्ज काढून घर घेतो तेव्हा भाडे हे त्याचे उत्पन्न नसते. पगारातून दरमहा जी भर घालायची तिला भाड्याचा टेकू असतो, इतकेच. आमची ती भर २१ हजार ८०० रुपयांची होती. ती वीस वर्षे झेपेल का, हाच खरा प्रश्न होता. आम्ही ‘झेपेल’ म्हटले आणि सही केली. तेव्हा वीस वर्षांतले दुसरेच वर्ष कसले येणार आहे हे कोणाला ठाऊक होते?

टाकीतले पाणी आणि सेक्रेटरींचा ठराव

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. वकिलाला पैसे देऊन तीस वर्षांचा शोध घ्यावा, भोगवटा पत्र पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, सोसायटीकडून बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. बांधकाम चालू असलेले घर असेल तर महारेराच्या नोंदीत प्रकल्प पाहावा आणि त्यावर जीएसटी पडतो हे ध्यानात धरावे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो पडत नाही. मुद्रांक शुल्क आता पुणे शहरात ७ टक्के आहे, आणि घर बाईच्या नावावर घेतले तर २०२१ पासून एक टक्का सवलत मिळते. आम्ही तीन वर्षे आधी घेतले, तेव्हा ती सवलत आम्हांला हुकली.

भाडेकरू ठेवताना मात्र करार नोंदवलाच पाहिजे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ असे आजही एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते की करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणी आता अंगठा टेकवून घरच्या घरी होते. शुल्क फार नाही. ते वाचवणारा माणूस दहा रुपयांसाठी घराची किल्ली गहाण टाकतो, असे माझे मत आहे.

पहिले भाडेकरू नागपूरकडचे एक तरुण जोडपे होते. दोघेही हिंजवडीत. करार झाला, पोलीस ठाण्याला कळवले, किल्ल्या दिल्या, आणि मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी कचेरीत साहेबांच्या खोलीत बसलो असताना फोन वाजला. “काका, टाकीत पाणीच येत नाहीये.” मी कोथरूडला राहणारा. वाकडला दुचाकीवर पाऊण तास. संध्याकाळी गेलो तर कळले, उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि त्याची वर्गणी निराळी. आमच्या वहीत टँकर नव्हता. नंतर फ्लशची टाकी, दाराचे कुलूप, गॅलरीतली कबुतरे. पहिल्या वर्षातले तेवीस रविवार मी वाकडला घालवले. हे मी मोजले नाहीत, पत्नीने मोजले.

सोसायटीचे सेक्रेटरी सज्जन होते, पण मालक स्वतः राहत नाही म्हणून त्यांनी महिना दीड हजार जादा मागितले. कमिटीचा ठराव आहे म्हणाले. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, त्याप्रमाणे हा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. माझ्या बाबतीत तो दोनशेच्याही आत भरत होता. मी आदेशाची प्रत नेऊन दिली. ते चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाले, “साहेब, आधी सांगायचे ना!” जणू तो आदेश मीच काढून खिशात ठेवला होता. पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गोष्ट असते. मालक स्वतः राहत असला तर मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते, भाडेकरू आला की ती जाते. आपल्या गावच्या पालिकेचा नियम काय, हे घर घेण्याआधी विचारून ठेवावे.

२०२० साल

मार्चमध्ये टाळेबंदी झाली. कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितले. नागपूरच्या जोडप्याने मेअखेर किल्ल्या परत केल्या. “काका, आम्ही घरीच आहोत, इथले भाडे कशाला भरू?” त्यांचे काय चुकले? मी असतो तर हेच केले असते.

जूनपासून घर रिकामे. एका महिन्याची रिकामी जागा वहीत धरली होती. प्रत्यक्षात आठ महिने गेले. त्याच काळात पत्नीच्या शाळेने पगार निम्म्यावर आणला. दरमहा ३१,२४२ रुपयांचा हप्ता आणि वर सोसायटीची वर्गणी, कारण रिकाम्या घरालाही लिफ्ट, रखवालदार आणि टँकर लागतात.

रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टपर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. मला ते देवासारखे वाटले. पत्नीने पुन्हा वही काढली. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सहा महिन्यांचे जवळजवळ दीड लाख मुद्दलात जाऊन बसणार, आणि त्यावर पुन्हा व्याज. “हे नको,” ती म्हणाली, आणि आत जाऊन पाटल्या घेऊन आली. तिच्या आईच्या पाटल्या. त्या तारण ठेवून ऐंशी हजार उचलले आणि हप्ते चुकू दिले नाहीत. बँकेतल्या तरुणाने पाटल्या काट्यावर ठेवल्या तेव्हा ती दुसरीकडे पाहत होती. मला पाटल्या तारण ठेवणारा वाड्यातला एकच माणूस आठवत होता, तो म्हणजे तात्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे भाडेकरू आले, ११ हजारांवर. पाटल्या सुटायला २०२२ उजाडले.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण मे २०२२ पासून व्याजदर चढू लागले. रेपो दर ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. बँकेचे पत्र आले : आपला हप्ता तोच राहील, मुदत वाढली आहे. मला वाटले, ठीकच आहे. पत्नीने मुदतीची तारीख वाचली. कर्ज आता २०४० साली फिटणार होते. माझी निवृत्ती २०३८ ची.

त्या दिवसापासून दिवाळीचा बोनस घरात येत नाही, थेट कर्जाच्या मुद्दलात जातो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून मनाई केली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तीन बोनस भरल्यावर मुदत पुन्हा २०३८ च्या अलीकडे आली.

ज्यांनी शहाणपणा केला

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांनीही माझ्याच सुमारास सुरुवात केली, पण कर्ज न काढता. नारायण पेठेत त्यांच्या आईचे जुने घर आहे, माडीवर दोन खोल्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले त्या पेठांत भरून राहिलेली असतात. यांनी खोल्यांना रंग दिला, चार कॉट, चार टेबले आणि एक गिझर बसवला. सगळा खर्च लाखाच्या आत. कॉट बेसिसवर चार मुले, प्रत्येकी साडेचार हजार. माझ्या ४८ लाखांच्या घराहून यांच्या चार कॉटांचे उत्पन्न अधिक! टाळेबंदीत त्यांच्याही कॉट रिकाम्या झाल्या, पण हप्ता नसल्यामुळे त्यांना झोप लागत होती. मुले त्यांच्या आईला काकू म्हणतात आणि रात्री दहानंतर जिन्यावर चपला वाजवत नाहीत.

ज्याच्याजवळ अशी माडी किंवा गावचे घर आहे, त्याने तिथूनच सुरुवात करावी. ज्याच्याजवळ नाही, त्याने निदान सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते बाजूला ठेवल्यावाचून कर्जाच्या कागदावर सही करू नये. मी ते ठेवले नव्हते. घर आपल्या राहत्या घरापासून लांब घेऊ नये. आणि जो बिल्डर ‘हमखास भाडे’ कागदावर लिहून देतो, त्याला एकच विचारावे : भाडे एवढे हमखास आहे तर घर विकता कशाला?

कचेरीतली मुले हे ऐकून विचारतात, “मग तुम्हांला पश्चात्ताप होतो का?” याचे सरळ उत्तर मला देता येत नाही. आमच्याच मजल्यावरचे तसेच घर २०२४ साली ६५ लाखांना गेले. पत्नीने त्याच रात्री हिशेब केला. वर्षाला पाच टक्क्यांच्या किंचित वर. लाल चौकटीला थोडे कमी. पण मधल्या काळात भाडे वाढत वाढत वीस हजारांवर आले आहे, त्यामुळे चौकटीतला आकडाही तिने खोडून नवा लिहिला आहे. तो ती मला दाखवत नाही.

सध्याच्या भाडेकरूंचा करार येत्या डिसेंबरात संपतो. नवराबायको आणि चार वर्षांची मुलगी. माणसे चांगली आहेत, भाडे पाच तारखेच्या आत येते, कबुतरांसाठी जाळी त्यांनी स्वतःच्या पैशांनी बसवली. एजंटाचे म्हणणे, बाजारभाव बावीस हजार आहे, सोडू नका. परवा त्या बाईंचा फोन आला. “काका, मुलीची शाळा इथलीच झालीये. या वेळी एक हजारच वाढवा ना.” मी विचार करून सांगतो म्हटले.

रविवारी दोघेही वाकडला जाणार आहोत. पत्नीने वही पिशवीत टाकली आहे, आणि त्या मुलीसाठी चिवड्याचा एक डबाही भरला आहे.